कपाळावरची आठी

तिसऱ्या दुकानाच्या पायऱ्या चढताना जनार्दन सातपुतेच्या पायांनी नको म्हटलं. सकाळपासून कोल्हापुरात हिंडणं चाललं होतं. प्रत्येक दुकानात भिंतभर टीव्हीच्या पडद्यांची तीच रांग, पडद्यांवर तोच धबधबा, तोच हिरवा पोपट, आणि विकणाऱ्यांचे तेच प्रश्न. खोली केवढी, समोर खिडकी आहे का, भिंतीवर टांगणार की टेबलावर ठेवणार.

"खोली लहान आहे आमची," तो म्हणाला.

दुकानातल्या मुलीने कान पुढे केला. लकव्याचा झटका येऊन गेल्यापासून जनार्दनच्या तोंडाची डावी बाजू ओघळली होती आणि शब्द त्या बाजूने सांडत.

"खोली लहान आहे म्हणतायत आप्पा," तृप्तीने सांगितलं. ती त्याची एकुलती मुलगी. खास या खरेदीसाठी बंगळूरहून रजा काढून आली होती.

"लहान खोलीत मोठा पडदा चालतो आता, काका. पूर्वी ठिपके दिसायचे म्हणून लांब बसावं लागायचं. आता हातभर अंतरावर बसलात तरी ठिपका दिसायचा नाही. खिडकीचा उजेड पडला तरी चमकत नाही हा."

जनार्दनने मान हलवली. त्याला कुठेतरी बसायचं होतं.

त्याची बायको मालन जरा मागे उभी राहून पोपट बघत होती. ती नऊ वर्षांची असताना मेंदूज्वराने तिचे दोन्ही कान गेले होते. नसच सुकलेली, त्यामुळे कुठलंही यंत्र बसवून उपयोग नाही असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं. बोलायला ती आधीच शिकली होती म्हणून बोलत असे, पण सपाट, एका सुरात. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून वाचायची.

"आम्हाला तो ओठांचा दाखवा," तृप्ती म्हणाली.

मुलीने त्यांना आतल्या खोलीत नेलं. तिथे एकच पडदा होता आणि समोर खुर्ची. कंपनीने त्याला 'सुवाच्य' असं नाव दिलं होतं. मालनला खुर्चीत बसवलं. पडद्याच्या वरच्या कडेला एक बारीकसा कॅमेरा होता, तो तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला. पडद्यावर एकेक चेहरा येऊन काहीतरी म्हणे आणि मालनने तेच म्हणून दाखवायचं. काही चुकलं, काही बरोबर आलं. मग मुलीने बातम्या लावल्या.

बातम्या देणारी बाई नेहमीचीच होती. आवाजही तिचाच, नेहमीच्या वेगाचा. तोंड मात्र वेगळंच हलत होतं, सावकाश आणि स्वच्छ. मालन थोडी पुढे झुकली.

"उद्या पाणी येणार नाही म्हणतीय," ती एकदम बोलली. "आपल्या इचलकरंजीलाच. तृप्ती, घरी गेल्या गेल्या टाकी भरायला पाहिजे."

तृप्तीने तोंड फिरवून डोळे पुसले. जनार्दन भिंतीला टेकला. पाळी संपल्याचा भोंगा व्हावा आणि हातातला पाना खाली ठेवावा, तसं त्याला झालं.

त्याच संचात दोन मापं होती. लहान पडद्यासमोर मालन थोडा वेळ बसली आणि उठली. "यात माणसं लांब उभी राहिल्यासारखी वाटतात," ती म्हणाली. मोठ्या पडद्यावर माणसाचं तोंड माणसाच्या तोंडाएवढं दिसत होतं. तोच घ्यायचा ठरला. त्यासाठी घरातलं कपाट आतल्या खोलीत हलवावं लागलं.

*

जनार्दनने उभा जन्म इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर म्हणून काढला होता. माग बिघडला की तो चालू करून द्यायचा, हे जॉबरचं काम. शेडमध्ये माग धडधडत असले की शेजारच्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही. तिथली माणसं मग आवाजाच्या फंदात पडत नाहीत. ओठ मोठे हलवून बोलतात आणि एकमेकांचे ओठ वाचतात. मालन त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला यायची. शेडच्या आत तिला कसलीच उणीव नव्हती. दाराबाहेर पडली की ती बहिरी व्हायची. जनार्दन दाराबाहेरही तिच्याशी आतल्यासारखंच बोलायचा. लग्न ठरायला तेवढं पुरलं.

तेव्हापासून घरातला टीव्ही तिच्यापर्यंत जनार्दनच्या तोंडून पोचत आला. तो टीव्हीला पाठ करून, तिच्याकडे तोंड करून बसायचा. कानांनी ऐकायचं आणि ओठांनी सांगायचं. खाली अक्षरं यायला लागली होती, पण मालनचं वाचन सावकाश. अक्षरं वाचेपर्यंत चेहरे निघून जात. जनार्दनला कित्येक सिनेमे तोंडपाठ होते आणि त्यांतल्या नटांचे चेहरे धड माहीत नव्हते. कामावरून दमून आला की तो मधलं गाळायचा. कुणी मेलं तर परगावी गेला म्हणून सांगायचा. मालन रडायला लागली की समजूत काढायचं कामही त्याच्याकडेच असायचं. तृप्तीचे फोनही असेच त्याच्यातून जायचे. तिकडून येणारं बोलणं थोडं कमी करून तो मालनला द्यायचा.

झटका आला आणि मालनला नवऱ्याचं तोंड वाचता येईना. अर्धे ओठ हलत, अर्धे लोंबत. ती निरखून निरखून बघायची, मग डोळे चोळायची. तो फोनवर टाइप करून दाखवायचा, "औषध", "दार लाव", "भूक नाही". घरात एवढेच शब्द उरले होते.

*

ओठांवरून बोलणं वाचणं बाहेरच्यांना वाटतं तेवढं सोपं नसतं. तोंडातून निघणाऱ्या ध्वनींपैकी थोडेच ओठांवर दिसतात. क आणि ग घशाजवळ होतात, ते दिसतच नाहीत. प, ब, म या तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. 'पाट', 'भात' आणि 'माठ' हे तीन शब्द बहिऱ्या माणसाला जवळपास एकच दिसतात. बाकीचं सगळं अंदाजाने भरायचं. म्हणून दिवसभर ओठ वाचणारा माणूस संध्याकाळी दगड फोडून आल्यासारखा थकतो.

सुवाच्य पडदा हा अंदाज स्वतः करायचा. येणारं बोलणं ऐकून त्याचा अर्थ लावायचा, आणि तोच अर्थ ओठांवर ओळखू येईल अशा शब्दांत नव्याने मांडायचा. 'माठ' म्हणायचं असेल तर 'पाण्याचा माठ' म्हणायचं. मग पडद्यावरच्या माणसाचं तोंड त्या नव्या शब्दांप्रमाणे पुन्हा रंगवायचं. मिशा असल्या तर पुसायच्या, चेहरा पलीकडे वळला असेल तर अलीकडे वळवायचा. आवाजाला तो हात लावत नसे, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ऐकू येई ते मूळचंच.

पण त्याची खरी करामत वेगळी होती. तो बघणाऱ्याकडून शिकायचा. मालनची नजर ओठांवरून उडाली, तिच्या कपाळाला आठी पडली, की हे वाक्य निसटलं असं तो समजायचा. पुढच्या खेपेला तशीच गोष्ट तो निराळ्या तऱ्हेने सांगायचा, कपाळ मोकळं राहीपर्यंत. एकेका माणसासाठी एकेक बोली तयार व्हावी तसं ते होतं. महिन्याभरात मालन अख्खी मालिका आठी न घालता बघू लागली.

तृप्तीचे फोन आता पडद्यावर येत. पाच वर्षांची नात रेवा इंग्रजी, कानडी आणि मराठीची खिचडी करून बोलायची. मालनला ती स्वच्छ मराठीत दिसायची. पहिल्यांदा आजी आणि नात मधे कुणी नसताना बोलल्या, तेव्हा जनार्दन स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. तहान लागली नव्हती. तिथे आपलं काही काम नव्हतं, एवढंच.

मग तृप्तीने संचात आणखी एक सोय शोधून काढली. "आप्पा, तुम्ही आईशेजारी बसून बोला. तुमचाही चेहरा पडद्यावर येईल. ओठ नीट करून."

तसं झालं. दोघं कोचावर शेजारी शेजारी बसत. जनार्दन आपल्या ओघळलेल्या तोंडाने काहीतरी बोले, आणि समोर सरळ तोंडाचा जनार्दन ते मालनला सांगे. मालन समोर बघूनच उत्तर द्यायची. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. ती हसायला लागली, पूर्वी कधी सांगितलं नाही असं काही सांगायला लागली. जनार्दन पडद्याकडे बघायचा नाही. तो सरळ केलेला चेहरा त्याला सोसत नसे. बोलताना तो उघड्या दारातून रस्त्याकडे बघत राहायचा.

एकच गोष्ट त्याला कळत नव्हती. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि आमटी रोज खारट व्हायची. तो रोज सांगायचा. मालन रोज हसायची.

*

एप्रिलच्या एका दुपारी ऊन घरात येतं म्हणून मालनने पुढचं दार लावून घेतलं होतं. बघायला रस्ता नव्हता. आदल्या दिवशी तृप्तीने पुन्हा विषय काढला होता की आता दोघांनी बंगळूरलाच राहायला यावं.

"मी काही बंगळूरला येणार नाही," जनार्दन मालनला म्हणाला. "तिथं चार भिंतींत बसून करू काय? तू पण विषय काढू नको."

आणि कुठे बघायचं म्हणून त्याने समोर बघितलं. पडद्यावरचा जनार्दन क्षणभर मागाहून बोलायचा, त्यामुळे तो अजून बोलत होता. त्याचे ओठ स्वच्छ होते. शेडमध्ये जन्म गेलेल्या माणसाला ते वाचायला काहीच कष्ट पडले नाहीत.

"बंगळूरचं बघूया," पडद्यावरचा जनार्दन म्हणत होता. "तिथं चार माणसांत बसू. तू विषय काढलास, बरं झालं."

मालन त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मला माहीत होतं, तुम्ही ऐकाल."

जनार्दनला आधी वाटलं, आपणच चुकून तसं बोललो. झटक्यानंतर शब्दांची उलटापालट होते असं डॉक्टर म्हणाले होते. त्याने सावकाश, एकेक शब्द तोडून म्हटलं, "आजची आमटी खारट झालीय."

"आजची आमटी छान झालीय," समोरचा म्हणाला.

"रोजच छान म्हणताय," मालन म्हणाली. "आधी कधी म्हणत नव्हता."

*

तृप्तीने कंपनीकडे चौकशी केली. दोन दिवसांनी तिने त्याच्या फोनवर फोन केला, पडद्यावर नाही.

"आप्पा, त्यात बिघाड नाही म्हणतायत ते. म्हणजे बघा, आईला कळलं नाही की आठी पडते. पण काळजी वाटली, राग आला, वाईट वाटलं, तरी आठीच पडते. कॅमेऱ्याला त्यातला फरक करता येत नाही. त्याला आठी नको एवढंच माहीत. त्यामुळे ज्या बोलण्यानं आईला त्रास होतो, ते तो हळूहळू वळवत गेला. मालिका, बातम्या तशा बऱ्या राहिल्या, त्यांचे आवाज स्पष्ट असतात. तुमचं बोलणं त्याला अर्धंच कळतं. उरलेलं तो भरतो. आणि भरताना गोड ते भरतो."

जनार्दनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शब्दशः अशी एक सोय आहे. ती लावली तर तुम्ही बोललात तेवढंच दाखवेल. पण मग तुमचं जे त्याला कळलं नाही, तिथं तोंड नुसतं बंद दिसेल. आईला निम्मंसुद्धा मिळणार नाही." ती थांबली. "आईला मी सांगू?"

"नको. मी सांगतो."

त्याने सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचा आणि रोज कोचावर बसलं की अंगातलं बळ जायचं. सांगायचं म्हणजे कसं सांगायचं, कुठल्या तोंडाने? आणि मालन सुखात होती. इतक्या वर्षांत ती अशी निवांत दिसली नव्हती. तो जे सिनेमांचं करत आला होता, तेच हा पडदा त्याचं करत होता, आणि दमत नव्हता. जनार्दन बोलायचा कंटाळा करू लागला. नुसतं "हं, ते, बघ" असं काहीतरी पुटपुटायचा. समोरचा जनार्दन त्याची लांब, प्रेमळ वाक्यं करायचा. मालन त्यांना उत्तरं द्यायची. जनार्दन मान डोलवायचा. संसार व्यवस्थित चालला होता, आणि त्यात त्याचं काहीच लागत नव्हतं.

एका सकाळी तो फिरून परत आला तर मालन शेजारच्या वहिनींना पितळी डबे देत होती. कोचावर गोधड्यांच्या घड्या होत्या. माळ्यावरची मोठी बॅग खाली काढून पुसून ठेवली होती.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

मालनला त्याचं तोंड वाचता आलं नाही. तिने त्याला कोचापाशी आणलं, गोधड्या सरकवून बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. समोरच्या जनार्दनने काय विचारलं ते त्याने पाहिलं नाही.

"तयारी करतीय," मालन म्हणाली. "तृप्तीला मी काल हो म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येते म्हणालीय." मग तिचा सपाट आवाज जरा खाली गेला. "तुम्ही विचारलंत ना त्या दिवशी, अजून काय हवंय तुला म्हणून. मला कुणी असं विचारलंच नव्हतं कधी. आईनं नाही, शाळेत नाही. तुम्ही पण नाही. काय पाहिजे ते मला बघून देत आलात सगळे. त्या दिवशी रात्रभर मी विचार केला. मग सांगितलं तुम्हाला की रेवाजवळ राहायचंय. ती मोठी होताना बघायचीय. तृप्तीची वाढ मी बघितली, पण ऐकली नाही. तुम्ही हं म्हणालात."

जनार्दनला ती दुपार आठवायला वेळ लागला. चहाचा कप रिकामा झाला होता. तो म्हणाला होता, "चहा हवाय अजून." मालन बराच वेळ समोर बघत बसली होती, आणि चहा आला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती रेवाबद्दल काहीतरी बोलली होती. त्याने ऐकलं न ऐकलं आणि हं म्हटलं होतं.

तो उठला. उठताना कोचाच्या हातावर जोर द्यावा लागला. त्याने पडद्याचं बटण बंद केलं. समोर काळी भिंत झाली आणि तिच्यात दोघं अंधुक दिसायला लागली. मग त्याने स्टूल ओढलं आणि तो तिच्यासमोर बसला.

"मी विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

मालनने डोळे बारीक केले. "विसरला नव्हतात?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. पुन्हा म्हणाला. तिला पुन्हा तेच दिसलं. तिसऱ्या वेळी त्याने उजव्या हाताने डावा ओठ वर धरून म्हणून पाहिलं, आणि लाळ बोटांवर आली. तेव्हा त्याने फोन काढून टाइप केलं. मी विचारलं नव्हतं. टीव्हीनं विचारलं. मी चहा मागितला होता.

मालनने ते सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्याने पुढचंही लिहिलं. आठीचं, बंगळूरचं, कंपनीने सांगितलेलं. बोट दुखेपर्यंत लिहीत राहिला.

"म्हणजे आमटी?" तिने विचारलं.

"खारट," तो तोंडाने म्हणाला. तेवढं तिला कळलं.

"आणि तुम्ही माझे पाय दुखतात का विचारायचात ते?"

त्याने खाली बघितलं.

"मला वाटलं," मालन म्हणाली, "आजारानं तुम्ही निवळलात."

आणि तिने डोळे मिटून घेतले. लग्नाच्या सुरुवातीपासून भांडणात ती हेच करायची. तिने डोळे मिटले की जगातल्या कुणालाही तिच्याशी एक शब्द बोलता येत नसे. जनार्दन स्टुलावर बसून राहिला. बाहेर कुल्फीवाला घंटा वाजवत गेला. तिच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. समजूत काढायला त्याच्यापाशी काही नव्हतं.

*

पुढचे काही दिवस पडदा काळाच राहिला. मालन स्वयंपाक करायची, वाढायची, आणि त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. आमटी अळणी झाली. बॅग होती तिथेच पडून होती. तृप्तीचे फोन येत, ते जनार्दन बाहेरच्या पायरीवर बसून घ्यायचा.

मग एका दुपारी भाजी निवडता निवडता मालनने ताट बाजूला केलं आणि त्याच्याकडे वळून बसली.

"आता विचारा," ती म्हणाली.

त्याने फोन हातात घेतला. तिने तो काढून खाली ठेवला. "तोंडानं विचारा. मला नाही कळलं तर परत विचारा. मला घाई नाही."

"तुला काय पाहिजे?" जनार्दनने विचारलं.

तिला चौथ्यांदा कळलं. तोवर दोघांच्याही चेहऱ्यांवर घाम आला होता.

"मला जायचंय," मालन म्हणाली. "ते काय त्या यंत्रानं विचारलं म्हणून खोटं नाही झालं. विचारलं कुणीही असू दे, सांगितलं मी."

"मी येणार नाही."

तिच्या कपाळाला आठी पडली. ती न कळल्याची होती की कळल्याची, हे त्यालाही सांगता आलं नसतं. सवयीने त्याच्या तोंडात पुढचा शब्द आला होता, बघूया. तो त्याने गिळला. "मी येणार नाही," त्याने पुन्हा म्हटलं.

"कळलं मला," मालन म्हणाली. "इथं काय ठेवलंय तुमचं? शेडं बंद पडली. बरोबरीची माणसं गेली."

"तिथं काय आहे माझं?"

"आम्ही आहोत की."

"तुम्ही आहात. मी बसून राहणार."

"इथं काय उभे असता?"

भांडण बराच वेळ चाललं. अर्धा वेळ त्याने काय म्हटलं हे तिला कळण्यातच गेला. एकदा तिने भलतंच वाचलं आणि त्याच्यावर चिडली. तिने काय वाचलं ते कळल्यावर तोही चिडला. मधेच ती उठून गॅस बंद करून आली आणि पुन्हा समोर येऊन बसली. जनार्दनचा जबडा दुखायला लागला. मालनने दोनदा डोळे चोळले, पण मिटले नाहीत. शेवटी ती म्हणाली, पाऊस सुरू होईपर्यंत तरी मी जाऊन राहते, मग बघू. तो म्हणाला, मग बघू. हे तिला पहिल्या झटक्यात कळलं.

*

तृप्ती सकाळी गाडी घेऊन आली. तिने आल्या आल्या एकदा दोघांकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. पडद्यावर शब्दशःची सोय लावून दिली, तिकडच्या घरच्या पडद्यावरही लावली असल्याचं सांगितलं. "जड जाईल, आप्पा," ती म्हणाली. "अर्ध्या वेळेला आई 'काय? काय?' करत बसेल."

"बसू दे," जनार्दन म्हणाला.

शेजारच्या वहिनींनी दुपारच्या डब्याचं आपल्याकडे घेतलं होतं. मालनने औषधांच्या पाकिटांवर सकाळ, संध्याकाळ असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. ती गाडीत बसली, पदर आवरला, आणि काच खाली करून त्याच्याकडे बघत राहिली. निघताना माणूस काहीतरी बोलतो, ते वाचायला.

जनार्दन पुढे झाला. बोलायचं बरंच होतं आणि जबडा अजून दुखत होता. त्याने दोनच शब्द निवडले.

"परत ये," तो म्हणाला.

मालनने त्याच्या ओठांकडे बघितलं. कपाळ मोकळंच राहिलं.

"येते," ती म्हणाली.

तृप्तीने गाडी चालू केली. ती वळणापाशी पोचली तेव्हा जनार्दनच्या लक्षात आलं की प आणि ब दोन्हींना ओठ सारखेच मिटतात, त ओठांवर दिसत नाही, आणि त्याच्या आताच्या तोंडात तर नाहीच. तिने 'परत ये' वाचलं असेल, किंवा पायरीवरून पाहुण्याला म्हणतात तसं नुसतं 'बरं, ये'. दोन्हींना उत्तर तेच येतं.

गाडी दिसेनाशी झाली. वहिनींनी दारातून विचारलं, काका, चहा टाकू का? त्याने हो म्हटलं, आणि त्यांना ते पहिल्यांदा ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.